ओढ

लोकांना वाटतं, माउथऑर्गन फुंकून वाजवतात.
क्लिओटिस वॉर्नाडो हसायचा.
फुंकर चुलीला, म्हणायचा, फुंकर पोराच्या गुडघ्याला.
हा ओढायचा असतो.

मी त्याचा ड्रमर. बावीस वर्षं त्याच्या मागे बसलो,
म्हणून त्याचा चेहरा मला बेताचाच ठाऊक.
पाठ मात्र पाठ आहे.
सूर वाकायच्या आधी
त्याचा डावा खांदा बोटभर खाली यायचा
आणि मी काठी हवेतच धरायचो.

आर्कान्सामध्ये, सरकीच्या गिरणीमागे,
पूर ओसरल्यावर गाळात त्याला तो सापडला.
दहा भोकं. बोलती चारच.
उरलेल्या सहांतले सूर
त्यानं त्या चारांची मान पिरगाळून काढले.
पुढे शिकागोत कुणी विचारलं, हे कुठे शिकलास,
तर म्हणायचा, गंजाकडे.

दिवसा गॅरीच्या पोलाद कारखान्यात
भट्टीचं जुनं अस्तर खरवडायचा.
भुवयांवर पांढरी भुकटी,
आम्ही त्याला आजोबा म्हणायचो, तेव्हा तो चोवीसचा.
रात्री त्रेचाळिसाव्या रस्त्यावर
पाण्याच्या पेल्यात बाजा बुडवून ठेवायचा,
लाकूड फुगतं, सूर घट्ट बसतो.
पेल्यात पाणीच असायचं असं नाही.

एक रेकॉर्ड निघाली. अठ्ठावन्न साल.
लेबलवर छापलं: क्लेटस वॉर्डनो.
पैशांऐवजी कंपनीनं ब्युइक दिली,
हिरवी, देखणी,
रिव्हर्स गिअर नसलेली.
कुठेही शिरण्याआधी आम्ही बघायचो,
पलीकडून बाहेर पडता येतं का.
लग्न करताना हे बघायचं त्याच्या लक्षात आलं नाही.
अर्नेस्टीन गेली तेव्हा पडदे घेऊन गेली,
दांड्या ठेवल्या.
त्या रात्री तो इतका चांगला वाजला
की मला त्याचा राग आला.

एकदा गॉथेनबर्गला नेलं आम्हाला.
थिएटर, लाल मखमल, आठशे माणसं,
कुणी खोकेना, कुणी भांडेना, कुणी नाचेना.
पहिल्या गाण्यानंतर तो मागे वळला,
क्वचित वळायचा,
आणि कुजबुजला: हे मेलेत की आपण?
मग टाळ्या सुरू झाल्या. थांबेचनात.
परतीच्या विमानात तो म्हणाला,
चांगली माणसं होती,
पण अशा शांततेत वाजवायचं म्हणजे
कुणाच्या तरी स्वच्छ घरात बुटांसकट उभं राहणं.

त्यानंतरचं सांगण्यासारखं थोडं.
बार बंद पडले, त्यांच्या जागी पार्किंग झालं.
तो एका लाँड्रीत किल्ल्या सांभाळायचा,
वॉशिंग मशीनच्या घुमण्यावर ताल धरायचा.
सात नंबर, म्हणायचा, तुझ्याहून बरी ठेका धरते.
धरत असेल.

नव्याण्णवच्या मार्चमध्ये
भट्टीची भुकटी हिशोबाला आली.
हॉस्पिटलात मिस बाल्टाझारनं त्याच्या हातात
एक प्लास्टिकचं खेळणं दिलं.
नळी, उभी डबी, आत निळा चेंडू.
फुंकू नका, ती म्हणाली. आत ओढा.
ओढाल तितका चेंडू वर जाईल.
फुंकू नका हं, सगळे फुंकतात.

त्यानं तिच्याकडे बराच वेळ पाहिलं.

मग तो पलंगाच्या कडेला
माझ्याकडे पाठ करून बसला,
गाऊनच्या नाड्या सुटलेल्या,
मणके मोजता येतील अशी ती पाठ.
ओठ लावले.
चेंडू उठला, पहिल्या रेघेपर्यंत,
तिच्याही वर, दुसरीच्या जरासा खाली,
जिथे काहीच छापलेलं नव्हतं.
तिथे त्यानं तो थरथरत धरून ठेवला.

थोडं अजून, मिस बाल्टाझार म्हणाली, रेघेपर्यंत.

डावा खांदा बोटभर खाली आला.
माझ्या हातात काठी नव्हती.
हात तरी हवेत थांबला.